आरोग्याचा पाठ : सूज येते ती कशाला, आणि ती जात नाही तेव्हा



दिवाळीनंतरच्या बैठकीतली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईने हजेरीच्या वहीवर सही करायला पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. म्हणाली, "माझा अंगठाच घ्या बाई. सकाळच्याला बोटं वळत नाहीत." ही ताई आठ वर्षं गटाची सचिव होती. आमचे जुने सगळे ठराव तिच्याच अक्षरात आहेत. हात बघितले तर दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली. किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाली, "झालं की वर्ष. दुकानातनं गोळी आणते. ती घेतली की दिवस निघतो."

अशा ताया प्रत्येक गटात असतील. म्हणून या अंकाचा पाठ सुजेवर.

सूज म्हणजे शरीराची राखण

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं, तर दुसऱ्या दिवशी काय होतं? जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. या चार खुणा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकाने लिहून ठेवल्या. पुढे त्यात पाचवी खूण आली, ती म्हणजे दुखरा भाग काम करेनासा होणं. या सगळ्याला मिळून डॉक्टर 'दाह' म्हणतात.

हे का होतं बघा. जखमेतून जंतू आत शिरले की शरीर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करतं. रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांमधून पाणी झिरपतं, म्हणून सूज येते. त्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर येऊन जंतूंना खाऊन टाकतात. पू म्हणजे या लढाईत मेलेल्या पेशी आणि जंतू. आणि ठणका कशाला? तर त्या बोटाला तुम्ही विश्रांती द्यावी म्हणून.

चार-आठ दिवसांत काम संपतं आणि सूज उतरते. अशी सूज आपली वैरीण नाही. ती आलीच नाही, तर साधी जखमसुद्धा भरायची नाही.

काम संपलं तरी न जाणारी सूज

गावात एखाद्या घराला आग लागली, की माणसं धावून येतात. पाणी ओततात, वेळ पडली तर कौलं उतरवतात. आग विझली की आपापल्या घरी जातात. पण आग नसतानाही तीच माणसं रोज येऊन कौलं उतरवत राहिली, तर घराचं काय होईल?

शरीरात काही वेळा असंच होतं. कधी त्रास देणारी गोष्ट रोज आत जात राहते, जसा चुलीचा धूर. मग श्वासनलिकांना कायमची सूज राहते आणि चार पावलं चाललं तरी दम लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठून अडथळा होतो, त्यातही दाहाचा हात असतो. आणि कधी शरीराची राखणच चुकते. बाहेरचा कोणी नसताना ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. हा झाला संधिवात, काही जणी त्याला आमवात म्हणतात. तो बायकांना पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होतो. वेळेत औषध मिळालं नाही, तर आतलं हाड कुरतडलं जातं आणि बोटं वाकडी होतात. झालेलं वाकडेपण औषधाने सरळ होत नाही. म्हणून इथे वेळेला किंमत आहे.

झीज की संधिवात?

सगळी सांधेदुखी संधिवात नसते. वयानुसार आणि कष्टाने गुडघे झिजतात, ते दुखणं वेगळं. ओळखायचं कसं?

- झिजेचं दुखणं कामाने वाढतं आणि बसलं की कमी होतं. सकाळचा ताठरपणा थोड्या मिनिटांत जातो.
- संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त लागतो. हालचालीने उलट बरं वाटतं.
- संधिवात बहुतेक वेळा बोटं, मनगट, पायाची बोटं अशा लहान सांध्यांत, दोन्ही बाजूंना सारखा येतो. अंगात कणकण आणि थकवा असतो.

चिकुनगुनियाच्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. म्हणून सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली, तर अंदाज न बांधता दाखवायला जा.

डॉक्टर रक्ताच्या तपासण्या लिहून देतील. त्यात एक 'सीआरपी' असते. आपल्या गटाच्या सीआरपी ताई नव्हेत बरं का! दाह असला की यकृत हा पदार्थ रक्तात जास्त सोडतं. तपासणीत तो वाढलेला दिसला, तर कुठेतरी दाह आहे एवढं कळतं. धूर लांबून दिसतो, पण कुणाच्या घरातून निघतोय ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही, तसंच. म्हणून नुसता कागद बघून भागत नाही. सांधे डॉक्टरांनी हाताने तपासावे लागतात.

दुकानातली गोळी काय करते?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सूज आणि ठणका वाढवणारा एक पदार्थ शरीरात तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिन हे काम कसं करतं, ते जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1971 साली दाखवलं. त्यासाठी 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण गोम इथेच आहे. त्याच जातीचे पदार्थ जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरेसं पोचू देतात. गोळी दोन्हीकडचं काम थांबवते. म्हणून ती रोज घेतली की काहींच्या पोटात जखम होते आणि काहींची मूत्रपिंडं थकतात.

तुम्हाला गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी बसणारी गिधाडं आठवतात? ती गेली कुठे? जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. भारतात गिधाडांच्या तीन जाती 90 टक्क्यांहून जास्त घटल्या. 2006 साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं शरीर गिधाडाएवढं नाजूक नाही, दोन-चार दिवस गोळी घेऊन काही बिघडत नाही. पण वर्षभर रोज, कुणाला न विचारता घेणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ आहे.

भर उन्हात ऊसतोडीला किंवा खुरपायला जाणाऱ्या तायांनी हे जास्त लक्षात ठेवा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. पॅरासिटामॉल दुखणं आणि ताप कमी करतं, सूज फारशी उतरवत नाही. तेही ठरलेल्या मापाबाहेर घेतलं तर यकृताला घातक.

जादूची सुई आणि पुडी

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड औषध दिलं. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. सगळ्यांना वाटलं, संधिवात हरला. 1950 साली हेन्च आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेलही मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं, आणि चालू ठेवलं की दुसरेच त्रास सुरू व्हायचे. तोंड सुजून गोल होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग लवकर होणं.

आपल्याकडे कुणी सुई देतो, कुणी बिननावाची पुडी देतो आणि दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. अशा पुडीत स्टिरॉइड असू शकतं. स्टिरॉइड वाईट नाही. दम्याच्या पंपातलं औषध बहुधा तेच असतं. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचवले. पण किती आणि किती दिवस द्यायचं, हे जाणकारानेच ठरवायचं. आणि बरेच दिवस घेत असाल, तर मनानेच एकदम बंदही करू नका. त्यानेही जीवावर बेतू शकतं.

मग खरा इलाज कोणता?

संधिवातात दुखणं दाबणं वेगळं आणि चुकलेली राखण आवरणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आहेत. त्यांबद्दल चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

1. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा.
2. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. "महिना झाला, काही फरक नाही" म्हणून सोडू नका.
3. मधूनमधून रक्त तपासावं लागतं. तो खर्च वाया जात नाही.
4. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

हळदीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. हळद भाजीत, दुधात असू द्या. पण खाल्लेल्या हळदीतला गुणाचा अंश रक्तात फार थोडा पोचतो. संधिवाताच्या औषधाच्या जागी ती चालत नाही.

लगेच दवाखाना गाठा

- एकच सांधा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप.
- मुलाचा घसा दुखून गेला आणि दोन-तीन आठवड्यांनी सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागली. या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.
- गोळ्या घेताना शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा लघवी फार कमी झाली.

आमच्या त्या ताईला गटाने अंतर्गत कर्जातून दोन हजार रुपये दिले आणि एकजण तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात गेली. संधिवातच निघाला. उजव्या हाताची दोन बोटं थोडी वाकली आहेत, ती तशीच राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. दर रविवारी ती औषध घेते आणि दुकानातली गोळी सुटली आहे. या महिन्यात तिने वहीत सही केली. अक्षर पहिल्यासारखं नाही, पण तिचंच आहे. वर्षभर आधी विचारलं असतं तर, ही चुटपुट आम्हा सगळ्यांना आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

- प्रत्येकीने विचार करून सांगावं : महिन्यात किती दिवस दुखण्याची गोळी घेते? गोळीचं नाव माहीत आहे का?
- घरातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा आणि आशाताईंकडून नावं वाचून घ्या.
- सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कुणाचे हात आखडतात? तिला एकटीला पाठवू नका. सोबत कोण जाणार आणि कोणत्या दिवशी, हे त्याच बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहा.