रायडिंग जॅकेट: चामडं घ्यावं की कापडी?

आधी पैशाचं बोलू. हवा खेळती ठेवणारं, जाळीचं कापडी जॅकेट साधारण ६ ते १० हजारांत येतं. पावसाचं आणि थंडीचं अस्तर असलेलं टूरिंग जॅकेट १० ते १८ हजारांत. गाडीसाठीच बनवलेलं चामड्याचं जॅकेट १५ हजारांच्या खाली क्वचितच मिळतं आणि परदेशी कंपनीचं असेल, तर पन्नास हजारही कमी पडतात.

मग धारावीत त्याहून कितीतरी स्वस्त मिळतं ते काय? ते झकास दिसतं, लग्नाच्या वरातीत खुशाल घाला. फॅशनचं चामडं बहुधा मिलिमीटरभरही जाड नसतं, रायडिंगचं १.१ ते १.३ मिलिमीटरचं लागतं. पडल्यावर चामड्याआधी शिवण उसवते, म्हणून खांद्याची आणि कोपराची शिलाई दुहेरी-तिहेरी आहे का ते उलटून पाहा.

डांबरावर घसरत जाताना चामडं टिकतं, हे खरंच. पॉलिस्टर घर्षणाच्या उष्णतेने वितळतं. पण सगळं कापड सारखं नसतं, म्हणून आतलं लेबल वाचा. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात ट्रिपल ए सर्वांत वर, मग डबल ए, मग ए. सी म्हणजे आर्मर, म्हणजे आतले संरक्षक पॅड, जागेवर धरून ठेवण्यापुरतं. घसरण्यापासून संरक्षणाची त्यात हमी नाही. विक्रेता ‘सीई आहे साहेब’ म्हणाला, तर ते प्रमाणपत्र जॅकेटचं की नुसत्या आर्मरचं, हे विचारा. बहुतेकदा आर्मरचंच असतं.

पाठीच्या खिशात हात घालून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसता फोमचा तुकडा असतो. लेव्हल २ चं बॅक प्रोटेक्टर वेगळं घ्यायचं, तर दोनेक हजार धरून ठेवा. जॅकेट घालून गाडीवर बसा, हँडल धरा आणि कोपराचं आर्मर दोन बोटांनी फिरवा. ते हाडावरून सरकलं, तर तो साईज तुमचा नाही, मग सवलत कितीही असो.

आता हवामान. मे महिन्यात नागपूर-अमरावतीच्या रस्त्यावर सिग्नलला थांबलात, की छिद्रांचं चामडंही भट्टीसारखं तापतं. घामाला कंटाळून जॅकेट घरी राहिलं, तर त्याचं ट्रिपल ए काय कामाचं? पावसाळ्यात कोकणात तर चामड्याला बुरशी ठरलेली: कॉलरच्या घडीत पांढुरके ठिपके दिसू लागतात. कपाटात कोंबू नका, रुंद हँगरवर हवेशीर टांगा, कंडिशनर लावा. भिजलं तर सावलीतच वाळवा, उन्हात चामडं तडकतं. कापडी जॅकेटचं आर्मर काढून सौम्य साबणात हाताने धुतलं की झालं. फक्त पावसाचं अस्तर आतून लावायचं असेल, तर बाहेरचं कापड भिजून जड होतं. त्यापेक्षा वरून साधा रेनकोट घाला.

माझं मत विचाराल तर ट्रॅकवर जाणाऱ्यांनी चामडं घ्यावं; थंड भागातल्या, जपून वापरणाऱ्यांनीही घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी डबल ए कापडी. हलक्या घसरणीनंतर चामडं कसबी कारागीर दुरुस्त करू शकतो; कापडीला मात्र एकदा डांबरावर भोक पडलं, की बदलावंच लागतं. जोरात मार बसलेलं आर्मरही बदला.

एकूण बजेट १५ हजारच असेल, तर सगळे जॅकेटवर उडवू नका. हातमोज्यांना दोन-अडीच हजार आधी बाजूला काढा, कारण पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकवतो.