रशियाचं यान चंद्रावर का कोसळलं?

प्रश्न : ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्याच्या चारच दिवस आधी रशियाचं लूना-२५ कोसळलं. पहिला उपग्रह आणि पहिला माणूस अंतराळात पाठवणाऱ्या देशावर ही वेळ का आली? त्यांचे शास्त्रज्ञ परदेशी निघून गेले म्हणून का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : परदेशी गेले हे खरंच. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि संशोधनसंस्थांत महिनोन्‌महिने पगार थकू लागले. ग्राफीनसाठी २०१० चं नोबेल मिळवणारे गाइम आणि नोव्होसेलोव्ह दोघेही रशियात शिकलेले, पण तेव्हा काम करत होते इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. क्षेपणास्त्रं बनवणारी माणसं भलत्याच देशांच्या हाती लागतील, या धास्तीने अमेरिका, युरोप आणि जपानने १९९२ मध्ये रशियाशी करार करून त्यांना मायदेशातच संशोधनासाठी अनुदान देणारं केंद्र उभं केलं.

पण माझ्या मते खरी गळती देशातल्या देशात झाली. अनुभवी इंजिनिअर, जोडारी, तपासनीस पोटासाठी दुसऱ्या धंद्यात गेले, आणि अशा पगारावर तरुण या कारखान्यांकडे फिरकेनात. रॉकेटबांधणीतलं कितीतरी ज्ञान नकाशात उतरतच नाही. ते जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. तो जुना माणूस निवृत्त झाला तेव्हा शेजारी शिकणारं कोणी नव्हतं.

जुलै २०१३ मधला प्रोटॉन रॉकेटचा अपघात पाहा. तीन उपग्रह घेऊन ते बायकोनूरच्या प्रक्षेपणतळावरून उडालं आणि काही क्षणांतच उलटून जमिनीवर आदळलं. चौकशीत आढळलं की फिरण्याचा वेग मोजणारे तीन सेन्सर उलटे बसवले होते. उलटे सहज बसू नयेत अशीच त्यांची रचना होती, तरी ते जोर लावून बसवले गेले आणि तपासणीतूनही सुटले. इथे मोठ्या शास्त्रज्ञाची उणीव नव्हती, उणीव होती ती वर्कशॉपमधल्या जाणत्या हाताची आणि नजरेची.

लूना-२५ चं दुखणं मला त्याच जातीचं वाटतं. कक्षा बदलताना इंजिन ८४ सेकंद चालवायचं होतं, ते १२७ सेकंद चाललं, कारण वेगातला बदल मोजून इंजिन थांबवायला मदत करणारं उपकरण सुरूच झालं नव्हतं. त्याआधीचं लूना-२४ चंद्राची माती घेऊन परतलं ते १९७६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षांच्या खंडानंतर ते काम प्रत्यक्ष केलेली कितीशी माणसं हाताशी असणार? तेलाचा पैसा पुढे आला, पण मधली गाळलेली पिढी पैशाने परत आणता येत नाही.

सोव्हिएत काळातल्या बुरानची गोष्ट तर फार जिव्हारी लागते. हे अंतराळयान १५ नोव्हेंबर १९८८ ला माणसाविना पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आपोआप धावपट्टीवर उतरलं. पुन्हा ते कधीच उडालं नाही. २००२ मध्ये ते ठेवलेल्या बायकोनूरच्या इमारतीचं छप्पर कोसळलं, त्याखाली बुरान चिरडलं आणि आठ कामगार दगावले.

मात्र सगळंच बुडालं असं समजू नका. पहिला उपग्रह स्पुत्निक नेणाऱ्या रॉकेटच्याच घराण्यातलं सोयूझ रॉकेट बनवणं कधी थांबलं नाही. २०११ मध्ये अमेरिकेची स्पेस शटल यानं बंद झाल्यावर जवळजवळ नऊ वर्षं त्यांचे अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले, ते याच सोयूझ रॉकेटवरून.