कुलूप आणि किल्ली

एखाद्या जगड्व्याळ तंत्रज्ञान-कंपनीतील संगणकयंत्रणेच्या प्रमुखाचे काम कोणते, असे आम्ही वर्गात विचारले, तर ‘यंत्रणा चालू ठेवणे व चोरांना बाहेर ठेवणे’ असे उत्तर बहुधा मिळेल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. ही दोन कर्तव्ये प्रसंगी एकमेकांच्या आड येतात, आणि तेथेच प्रमुखाची खरी कसोटी लागते. एका घडलेल्या प्रसंगावरून हे पाहू.

दि. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असता, फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही जगभर एकाच वेळी बंद पडली, ती सुमारे सहा तास. कोणी चोर शिरला नव्हता. कंपनीची डेटा सेंटरे प्रकाशतंतूंच्या हजारो मैल लांब जाळ्याने जोडलेली असतात. नित्याच्या देखभालीत या जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली आणि तिने सारे दुवेच तुटले. अशी आज्ञा अडविणारे तपासणीचे साधन होते. परंतु त्यातच दोष होता.

कंपनीच्या संकेतस्थळाचे नाव घेताच त्याचा अंकमय पत्ता सांगणारे काही सर्व्हर असतात. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यास आपली वाट जगापासून मिटवावी, असा त्यांना नियम होता. एखादे ठाणे बिघडले तर हा नियम शहाणपणाचाच. पण त्या दिवशी सर्वांचाच संपर्क तुटला आणि सर्वांनीच वाटा मिटविल्या. सर्व्हर चालू होते, मात्र तेथवर कोणासही पोहोचता येईना. अभियंत्यांची स्वतःची साधनेही त्यामुळे निकामी झाली. अखेर माणसे डेटा सेंटरवर पाठवावी लागली. तेथे प्रवेश कठीण, आणि आत गेल्यावरही यंत्रांत फेरफार करणे कठीण! चोरासाठी लावलेले कुलूप धन्यालाच आडवे आले.

मग कुलूपच चुकीचे होते काय? कंपनीच्या पायाभूत यंत्रणेचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी दुसऱ्याच दिवशी सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. रोजच्या वाढीव सुरक्षिततेसाठी क्वचित्प्रसंगी होणारा विलंब पत्करण्याजोगा आहे, असे त्यांचे मत होते. आम्हांस ते पटते. मात्र त्या विलंबाची तयारी आधीच झालेली हवी. कंपनीत मोठ्या बिघाडांच्या ‘स्टॉर्म’ नावाच्या रंगीत तालमी होत असत. म्हणूनच विजेचा भार एकाएकी न वाढविता सेवा क्रमाक्रमाने सुरू करणे साधले. परंतु सारे जाळेच कोसळण्याची तालीम कधी झाली नव्हती, हेही निवेदनात स्पष्ट सांगितले होते.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणांस ठाऊक आहेच. सांजवेळी मिटलेले दरवाजे नियमाप्रमाणे मिटलेलेच राहिले. पण तान्ह्या बाळाच्या ओढीने ती माता कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. दोष उमगताच माणसावर न रागावता तेथे बुरूज उभारणे, हेच प्रमुखाचे काम होय.

आपणांपैकी कोणी उद्या अशा पदावर बसेल. त्याने प्रत्येक कुलूप लावताना दोन प्रश्न विचारावेत: हे कोणास बाहेर ठेवील? आणि संकटकाळी ते कोण, कसे उघडील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधीच गिरवून ठेवले, त्याच्याच हाती किल्ली शोभते.