बोकडाला काय खाऊ घालता, त्यावर मटण कसं ठरतं?

शेळीपालनाचा विषय निघाला की नवीन मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "सर, वजन लवकर वाढवायला काय चारू?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. खाटीक तुमच्याकडून जिवंत वजन घेतो, पण विकतो मटण. या दोन आकड्यांमधली तफावत ज्याला कळली, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

आधी हिशोब बघा. ३० किलोच्या बोकडाचं १३.५ किलो मटण पडलं, तर उतारा ४५ टक्के. १५ किलो पडलं, तर ५० टक्के. आपल्या उस्मानाबादी बोकडांचा उतारा साधारण याच पट्ट्यात असतो. समजा, मटणाचा भाव ७०० रुपये किलो धरला, तर दीड किलोचे झाले १०५० रुपये, तेही एका बोकडामागे! विक्रीच्या सकाळी मीठ चारून पोटभर पाणी पाजणारे हुशार लोक असतात. खाटीक त्यांच्याकडून एकदाच फसतो. पुढच्या वेळी तो कण्यावर बोट दाबून बघतो आणि किलोमागे भाव पाडून मागतो.

आता खुराकाचं. इंटरनेटवर अमेरिकेतल्या बीफचे व्हिडिओ बघून काही जण मका धो धो चारायला लागतात. तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे गुरांना शेवटचे काही महिने मक्यासारखं धान्य भरपूर देतात, त्यामुळे मांसाच्या धाग्यांमध्ये चरबीचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यावर तिथे प्रत ठरते आणि जादा पैसे मिळतात. शेळीचं शरीर तसं नाही. तिची चरबी आधी पोटात, आतड्यांभोवती आणि गुर्द्याभोवती साठते. म्हणजे तुमच्या महागड्या मक्याचा बराचसा भाग खाटकाच्या सुरीखाली बाजूला पडतो. मांस वाढवायचं तर प्रथिनं लागतात, नुसती ऊर्जा नाही.

२५ किलोच्या बोकडाला दिवसाला सुमारे १ किलो शुष्क पदार्थ लागतात, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं तेवढं. माझ्या मते साधी, परवडणारी मांडणी अशी: दीड-दोन किलो हिरवा पाला, पाऊण किलोपर्यंत हिरवं गवत किंवा मका, ३०० ग्रॅम तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा आणि २०० ग्रॅम खुराक. पाल्यासाठी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि दशरथ घास लावा. मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. खुराकात मका भरडा, पेंड, चुनी आणि खनिज मिश्रण. खुराक वाढवायचा तर १०-१५ दिवसांत थोडा थोडा. एकदम धान्य पडलं की पोटात आम्लता होते, नाहीतर आंत्रविषार, आणि बोकड संध्याकाळी चांगला असतो, सकाळी मेलेला सापडतो. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. हॉटेलचं उरलेलं अन्न फुकट मिळतंय म्हणून आणायचं मनात असेल, तर हेच परत वाचा.

रानात फिरणारा बोकड हळू वाढतो, त्याच्या अंगावर चरबी कमी आणि मांस जरा घट्ट. बंदिस्त बोकड लवकर तयार होतो, कोवळा असतानाच विकता येतो. कोवळेपणात वयाचा वाटा मोठा आहे, कारण वय वाढेल तशा मांसातल्या जोडपेशी घट्ट होतात आणि मटण शिजायला वेळ लागतो. नवीन माणसाला मी अर्धबंदिस्त पद्धत सांगतो: दिवसा चार-पाच तास चराई, बाकी गव्हाणीत. चारा विकत घ्यावा लागत असेल, तर बंदिस्त पद्धतीच्या नादी लागू नका.

वासाची तक्रार वयात आलेल्या बोकडांची असते. शिंगांच्या मागच्या ग्रंथींमधून तो वास येतो. सोलताना कातड्याचा हात मटणाला लागला तरी उतरतो. दोन-तीन महिन्यांच्या वयात डॉक्टरांकडून खच्ची करून घेतलं की हा त्रास कमी होतो, पण चरबी थोडी वाढते. बकरी ईदसाठी पाळत असाल, तर आधी तुमच्या गिऱ्हाइकाला विचारा, मग ठरवा.

आणि शेवटचा दिवस. वर्षभर नीट चारलेला बोकड उन्हात टेम्पोत कोंबून नेला, अनोळखी बोकडांशी झुंजला, की स्नायूंमधली साखर संपते. कापल्यावर त्याच साखरेचं आम्ल होऊन मटणाला लालसर रंग आणि टिकाऊपणा येतो. साखरच नसेल, तर मटण काळपट, चिकट पडतं आणि लवकर खराब होतं. म्हणून रात्री किंवा पहाटे गाडी काढा, एकाच कळपातले एकत्र ठेवा, पोहोचल्यावर पाणी आणि विश्रांती द्या.

अँटिबायोटिकची सुई दिली असेल, तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय बोकड विकायचा नाही. याबाबतीत माझ्याकडे सवलत नाही.

पहिल्या खेपेचे दोन बोकड विकाल, तेव्हा खाटकाच्या दुकानात थांबा. सोलल्यावरचं वजन आणि गुर्द्याभोवतीच्या चरबीचं वजन वहीत लिहा, शेजारी त्या बोकडाचा खुराक लिहा. पुढच्या खेपेचा मका किती भरडायचा, ते त्या पानावरून ठरवा.