बुडाला पुट्टी घेताना लिटरचा भाव काढा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. फायबरच्या बोटी वर ओढल्या की बुडाची कामं निघतात: वाळूवर घासलेला जेलकोट, खळगे, जुन्या दुरुस्तीचे उंचवटे. ते सपाट करायला पुट्टी लागते, आणि डब्यावरच्या किलोच्या भावावरून कोणती स्वस्त ते कळत नाही.

पुट्टी कोणती?

गॅरेजमधली पॉलिएस्टर पुट्टी लवकर सुकते, घासायला सोपी जाते. पण तिच्यात बहुधा शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती पाणी धरते. सतत पाण्याखाली राहिली तर फुगते, सुटते. ती पाण्यावरच्या भागाला ठेवा.

पाण्याखाली इपॉक्सी. तयार पुट्टी महाग पडते; इपॉक्सी रेझिनमध्ये काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, म्हणजे मायक्रोबलून, कालवून घरीही होते. पांढरे काचेचे घ्या. विटकरी रंगाचे फिनॉलिक पाण्यावरच्या कामाला बरे. ओघळू नये म्हणून थोडी सिलिका घाला. मिश्रण चक्क्यासारखं, पत्र्यावरून न घसरणारं हवं.

दुकानदार नुसतं ‘मरीन पुट्टी’ म्हणाला तर हार्डनर पाहा. किलोच्या डब्याबरोबर छोटीशी ट्यूब आणि झाकण उघडताच उग्र वास आला, तर ती बहुधा पॉलिएस्टर. व्हिनाइल एस्टरचीही अशीच असते आणि ती पाण्याखाली चालते. पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर. ८ चौ. मी. भागावर सरासरी दीड मिलिमीटर म्हणजे १२ लिटर. घासण्यात आणि भांड्यात जाणारी धरून १६.

आता भाव. पुढचे दर फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या दुकानातले घाला.

• पॉलिएस्टर: किलोला २०० रुपये. एक लिटर भरायला साधारण १.८ किलो लागते, म्हणजे लिटरला ३६०. एकूण ५,७६०.

• इपॉक्सी: हार्डनरसह किलोला ६०० रुपये. हलक्या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ६३० ग्रॅम रेझिन (३७८ रुपये) आणि ७० ग्रॅम मायक्रोबलून (किलोला १,००० धरून ७० रुपये). लिटरला ४४८, एकूण ७,१६८.

किलोमागे तिप्पट वाटलेला फरक सगळ्या कामात १,४०८ रुपयांवर आला. पुट्टी सुटली तर बोट पुन्हा ओढणं, खरवडणं आणि बुडालेले धंद्याचे दिवस याहून कितीतरी महाग पडतात.

बाकीचा खर्च

पुट्टीवर इपॉक्सीचे दोन-तीन हात आणि मग शेवाळ-कालवं रोखणारा रंग, हे धरायलाच हवं. मोठा खर्च मात्र घासण्याच्या मजुरीचा. म्हणून आधी लवचीक लांब पट्टी बुडावर टेकवून उंचवटे शोधा आणि तेच घासून काढा. उंचवट्याभोवती भर घालत बसलात तर पुट्टीही वाढते, मजुरीही. मासेमारीच्या बोटीला आरशासारखं बुड लागत नाही. चीर किंवा भोक असेल तर आधी मॅट-रेझिनचं काम. पुट्टी ताकद देत नाही.

पावसातली काळजी

बुडावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आत दव धरलं तर फायबर अजून ओलं आहे; थांबा. इपॉक्सीचं प्रमाण कंपनीचंच ठेवा, घाईसाठी हार्डनर वाढवू नका. सुकल्यावर वर मेणचट थर आला तर पाण्याने धुऊन मगच पॉलिश पेपर मारा. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर पुट्टी मारू नका, नीट धरत नाही. डबे संपत आले की नेमका हाच मोह होतो, म्हणून इपॉक्सी सुरुवातीलाच पुरेशी घ्या.