गरम दूध आधी का गोठले?

धडा संपला की गुरुजी विचारतात, “समजलं का सगळ्यांना?” आणि सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो, “होऽ!” त्या सुरात तुमचाही सूर असतो. पण खरेच समजलेले असते का? ‘विचारले तर मुले हसतील’ या भीतीने कितीतरी शंका मनातच राहून जातात. मुले हसली तरी शंका न सोडणाऱ्या एका विद्यार्थ्याची ही हकिकत आहे.

१९६३ साली आफ्रिकेतील टांगानिका (आजचा टांझानिया) या देशात एरास्टो म्पेम्बा नावाचा मुलगा माध्यमिक शाळेत शिकत होता. शाळेतील मुले आइस्क्रीम करीत. दूध उकळून त्यात साखर घालायची, ते निवू द्यायचे आणि मग फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे, अशी रीत होती. एके दिवशी कप्प्यात जागा थोडीच उरली होती. एका मुलाने दूध न उकळताच साखर मिसळून ठेवून दिले. आता आपली जागा जाणार, म्हणून म्पेम्बाने दूध निवण्याची वाट न पाहता ते गरमच ठेवले. दीड तासाने पाहतो तो काय, त्याचे दूध गोठले होते आणि त्या मुलाचे अजून गोठायचेच होते!

त्याने शिक्षकांना कारण विचारले. ‘तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल,’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पुढे वरच्या शाळेत न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम शिकताना त्याची शंका पुन्हा जागी झाली. पदार्थ आणि सभोवतालची हवा यांच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितका पदार्थ वेगाने निवतो, असे हा नियम सांगतो. पण गरम दुधाला आधी थंड दुधाच्या तापमानापर्यंत उतरावे लागणार. तोपर्यंत थंड दूध आणखी निवलेले असणार. मग मागचे पुढे गेले कसे? त्याने भर वर्गात विचारले. हे साऱ्या जगाचे नव्हे, म्पेम्बाचे भौतिकशास्त्र आहे, अशी थट्टा झाली. त्यानंतर गणितात चुकला तरी मुले ‘म्पेम्बाचे गणित’ म्हणून त्याला चिडवीत.

एकदा प्रयोगशाळा उघडी दिसताच त्याने ५० घनसेंटिमीटरची दोन चंचुपात्रे घेतली. एकात नळाचे पाणी भरले, दुसऱ्यात गरम पाणी भरले आणि दोन्ही फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने गरम पाण्याच्या पात्रात अधिक बर्फ दिसले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दूध उकळलेले की न उकळलेले, साखर किती, हे सारे आता बाजूला पडले. प्रश्न फक्त पाण्याचा आणि तापमानाचा उरला.

पुढे दार-ए-सलाम येथील भौतिकशास्त्रज्ञ डॉ. डेनिस ऑस्बोर्न शाळेत व्याख्यानासाठी आले. म्पेम्बाने त्यांना विचारले : सारख्या भांड्यांत सारखेच पाणी घेतले, एक ३५ अंश सेल्सिअसचे व दुसरे १०० अंशांचे, तर १०० अंशांचे आधी गोठते. असे का? मुले पुन्हा हसली. ऑस्बोर्न यांनाही हे चुकीचेच वाटले. पण प्रयोग करून पाहण्याचे त्यांनी कबूल केले आणि परतल्यावर आपल्या तंत्रज्ञाला तो करायला सांगितला. गरम पाणी आधी गोठले! तंत्रज्ञाचा विश्वास बसेना. ‘बरोबर’ उत्तर येईपर्यंत प्रयोग करीत राहू, असे तो म्हणाला. १९६९ साली म्पेम्बा आणि ऑस्बोर्न यांचा लेख प्रसिद्ध झाला. आज या घटनेला ‘म्पेम्बा परिणाम’ म्हणतात.

याचे कारण काय? गरम पाण्याची वाफ होऊन पाणी कमी होते, गरम भांड्याखालचे हिम वितळून भांडे कप्प्याला नीट टेकते, अशी अनेक कारणे सुचवली गेली. पण एकावरही सर्वांचे एकमत झालेले नाही. उलट २०१६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी काटेकोर मोजमापे केली, तेव्हा त्यांना असा परिणाम आढळलाच नाही. तापमापी सुमारे एक सेंटिमीटर वर-खाली झाली तरी फसगत होऊ शकते, असे त्यांनी दाखवले.

मग म्पेम्बाचा प्रश्न वाया गेला काय? मुळीच नाही. वर्गानेही ‘नाही’ म्हटले होते आणि २०१६ च्या संशोधकांनीही ‘नाही’च म्हटले. पण वर्ग हसून मोकळा झाला. संशोधकांनी मोजून पाहिले. त्या हसण्यातून कोणालाच काही कळले नाही. मोजण्यातून मात्र पाणी कसे निवते आणि तापमान मोजताना चूक कोठे होते, हे कळले. शंका विचारणाऱ्याचे म्हणणे खरेच ठरले पाहिजे असे नाही. दुसऱ्याला तपासून पाहता येईल इतकी त्याची शंका स्पष्ट असली म्हणजे झाले.

करून पहा : स्टीलच्या दोन सारख्या वाट्यांत मोजून सारखे पाणी घ्या, एकात साधे, दुसऱ्यात गरम. गरम पाणी घरातील मोठ्या माणसांकडून ओतून घ्या. दोन्ही वाट्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि दर १५ मिनिटांनी नोंद करा. दुसऱ्या वेळी वाट्यांच्या जागा बदला. उत्तर काहीही येवो, ते वर्गात सांगा. आणि कारण समजले नाही, तर तेही सांगा.