आधी नेक, मग ब्रिज

सोलापूर,
मार्गशीर्ष

चि. अनिकेत,

फोटो पाहिले. गिटारची बॉडी झकास झालीय. वाड्याच्या जुन्या तुळईचं सागवान, सुतारानं मन लावून घासलेलं. पण मुंबईहून मागवलेला जुना नेक खाचेत नीट बसत नाही, आणि तू कानस घेऊन त्याच्या टाचेचे कोपरे घासायच्या बेतात आहेस, असं ताई सांगत होती. काय बे, एवढी कसली घाई? कानस खाली ठेव आणि आधी हे वाच.

गिटारमध्ये हुकूम नेकचा चालतो. बॉडीनं ऐकायचं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, स्वर हलला तर पडदा सरकवता येतो. तुझ्या फ्रेट लाकडात ठोकलेल्या आहेत. तारेच्या लांबीला 17.817 नं भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर येतं. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच भागत गेलं की बाराव्या फ्रेटवर तार बरोबर निम्मी होते. म्हणजे ज्यानं हा नेक केला, त्यानं तारेची लांबीही तेव्हाच ठरवून टाकली. ब्रिजची जागा त्यातूनच निघते, तिथं तुझं किंवा सुताराचं काही चालायचं नाही.

तुझी बॉडी फेंडरच्या नकाशावरून कापलेली, म्हणजे 25.5 इंच तारेसाठी. नेक मात्र गिब्सनच्या मापाचा, 24.75 इंचांचा निघाला. फरक पाऊण इंच, 19 मिलिमीटर. म्हणून ब्रिज 19 मिलिमीटर पुढे घ्यायचा, असं तू लिहिलंस. इथंच फसला असतास. तो फरक सबंध तारेवर पसरलेला असतो, त्यातला बराचसा नेकच्या लांबीतच जिरतो. दोन्ही नेक बावीस फ्रेटचे धरले, तर शेवटच्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत फेंडरच्या मापात सुमारे 181.8 मिलिमीटर येतात आणि तुझ्या नेकवर 176.4. म्हणजे ब्रिज सरकायचा तो जेमतेम 5.4 मिलिमीटर. तेही शेवटची फ्रेट दोन्ही नेकवर टाचेच्या टोकापासून सारख्याच अंतरावर असेल तर. शिवाय गिब्सनची लांबी कागदावर 24.75 असली तरी प्रत्यक्षात थोडी कमी भरते. तेव्हा हिशेब समजून घे, पण भोक पाडायचं ते मोजून. नटच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीनं माप घे. तेच माप बाराव्या फ्रेटपासून पुढे टाकलं की सॅडलची मूळ रेघ मिळते. बारीक तारेचा सॅडल त्या रेघेच्या मिलिमीटर-दोन मागे येतो, जाड तारेचा त्याहूनही तीन-चार मिलिमीटर मागे, कारण दाबल्यावर तार ताणली जाऊन स्वर थोडा चढतो. म्हणून सॅडलना मागे सरकायला जागा राहील असा ब्रिज बसव. तू ब्रिजची भोकं अजून पाडली नाहीस, हे नशीब.

पण त्याआधी मधली रेघ. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत शिवणाचा दोरा ताण. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे काठापासून सारख्या अंतरावर हवेत. एका बाजूला दोरा काठावर चढला, तर वाजवताना तार फ्रेटवरून खाली घसरणार. नेक खाचेत किंचित फिरवून पाहा, आणि दोरे जुळेपर्यंत ड्रिलला हात लावू नकोस.

आता खाच. ती 56 मिलिमीटर रुंद आहे आणि टाच 54. दोन्हीकडे मिलिमीटरभर फट राहते. त्यात भुसा आणि फेविकॉल कोंबायचा सल्ला तुला कुणीतरी दिलाच असेल. ऐकू नकोस, ते काम कच्चं असतं. खाचेच्या दोन्ही भिंतींना आतून व्हिनियरच्या पट्ट्या चिकटव आणि हातानं रेटून नेक बसेल इतपत घासून घे. काय वाढवायचं, घासायचं, ते बॉडीकडून. टाचेचा एक कणही जाता कामा नये. कोपऱ्यात फट राहिली तर राहू दे. पेलायचं काम तळाचं असतं, कोपऱ्यांचं नव्हे.

तळाकडे मात्र नीट बघ. फेंडरची टाच साधारण 25.4 मिलिमीटर जाड आणि खाच 16 खोल, म्हणून फिंगरबोर्ड बॉडीच्या वर साडेनऊ मिलिमीटर राहतो. तुझी टाच 22 ची आहे, म्हणजे तो सहाच मिलिमीटर वर येईल, आणि ब्रिज कितीही खाली केलास तरी तारा हातभर उंच. खाचेच्या सबंध तळावर तीन-साडेतीन मिलिमीटरची सागवानी फळी पसरून चिकटव, वर रंधा मारून सपाट कर. पुठ्ठ्याचा तुकडा टाचेच्या एका टोकाखाली सरकवून उंची साधणारे पुष्कळ आहेत. फेंडरच्या कारखान्यातही कागदी पॅकिंग घालत असत, हे खरं. पण तुकड्यापुढे टाचेखाली पोकळी राहते, स्क्रू ती दाबत राहतात आणि पुढेमागे फिंगरबोर्डचा शेवट वर उचलला जाऊ शकतो. कोन द्यायचाच झाला तर लाकडाची पूर्ण लांबीची पाचर कर. टाचेच्या मागच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पाचर ब्रिजपाशी दीड मिलिमीटरहून जास्त फरक पाडते, तेव्हा हात आखडता ठेव.

न जुळणाऱ्या भागांची एवढी धास्ती घेऊ नकोस. मिरजेच्या सतारकाराला हे रोजचंच असतं. त्याचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातात, आणि वेलीवर दोन भोपळे कधी सारखे धरत नाहीत. दांडी आणि भोपळ्याच्या मधला लाकडी गळा त्याला दर वेळी त्या भोपळ्याच्या तोंडाला बेतून घ्यावा लागतो. तयार मापाची खाच त्याच्याकडे नसतेच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा हातांच्या कामाला. एकदा तिथल्या सतारमेकर गल्लीत जाऊन ये. कुणी हाकलत नाही, फक्त मधे मधे बोलू नये. आणि तुझ्या त्या क्वीन बँडचा ब्रायन मे. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला हे तू मला दहादा ऐकवलंस, पण मेनं आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून घरीच गिटार केली, ती का नाही बघत? जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड तासून नेक केला, तार 24 इंचांची ठेवली, आणि बाकीचं सगळं त्या मापाभोवती रचलं.

स्क्रूचं थोडक्यात सांगतो. टाचेतली जुनी भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजव. नेक शिकंज्यात धरून नव्या भोकांच्या खुणा बॉडीतून करून घे. ड्रिलच्या पात्यावर खोलीची चिकटपट्टी लाव, नाहीतर फिंगरबोर्डातून टोक बाहेर येईल. बॉडीतलं भोक स्क्रू सैल जाईल एवढं मोठं हवं. त्याचे आटे फक्त नेकमध्ये बसले पाहिजेत, म्हणजे टाच तळाला घट्ट ओढली जाते. स्क्रूला मेणबत्ती चोळ. मेपलच्या लाकडात कोरडा स्क्रू तुटतो, आणि तुटलेला काढताना होणारा ताप मी शब्दांत सांगणार नाही.

आणि एक आपल्या गावाचं. नेक आला मुंबईच्या दमट हवेतून. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, हवा कोरडी पडते, तेव्हा लाकूड रुंदीत आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाजूनं बोटाला टोचू लागतात. म्हणून नेक निदान तीन-चार आठवडे घरात, तारा न लावता, सपाट ठेव. पंख्याखाली किंवा गच्चीवर नको. मगच शेवटचं माप आणि गोंद. तारा चढवल्यावर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नकोस, आणि एक दिवस थांबून मग पुढचा फेरा.

या पत्राचं उत्तर म्हणून मला चार मापं पाठव: नट ते बारावी फ्रेट, टाचेची जाडी, खाचेची खोली, आणि ब्रिजच्या सॅडलची सर्वांत खालची उंची. सगळी मिलिमीटरमध्ये, अंदाजानं नव्हे. ती येईपर्यंत ड्रिल मशीन ताईच्या कपाटात कुलपात राहील, तिला मी तसं सांगून ठेवलंय.

तुझा,
मामा